टेलकडून वाचणारे तात्या

आमच्या चुलत सासऱ्यांनी आजवर जगातल्या एकाही गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही. सूर्य उगवला असं कुणी सांगितलं, तर ते आधी आपल्या भिंतीवरची सावली बघतील, मग शेजाऱ्याच्या भिंतीवरची बघतील आणि मग म्हणतील, "दिसून तर तसंच राहिलं." घरात त्यांना सगळे तात्या म्हणतात. माझ्या नवऱ्याचे ते सख्खे काका. आमचं आणि त्यांचं अंगण एकच, मधे फक्त एक कडुलिंबाचं झाड, आणि त्या झाडाखाली बाज टाकून तात्या बसलेले. सिद्धेश्वरच्या धरणातून वसमतकडं जो कालवा येतो, त्याच्या एका चारीवर, म्हणजे पोटकालव्यावर, त्यांनी पाटकरी म्हणून उभी हयात काढली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ द्यायचं ते बघणारा माणूस. या नोकरीत भोळा माणूस आठवडाभर टिकत नाही. लोक बांधाखालून पाइप घालतात, गेटला पोती लावतात, कुलूप तोडून नवं तसंच कुलूप लावतात, आणि सकाळी पिंढरीएवढ्या चिखलात उभं राहून सांगतात की तात्या, यंदा दव लई पडून राहिलं. तात्या वाकून मूठभर माती उचलायचे, दाबायचे, हुंगायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. त्या न बोलण्याला लोक साहेबाच्या नोटिशीपेक्षा जास्त भ्यायचे, असं काकू सांगतात. काकू म्हणजे तात्यांच्या मंडळी. पन्नास वर्षांच्या संसारात आपल्या हातच्या भाजीत मीठ बरोबर आहे, हे त्यांना एकदाही तात्यांना पटवून देता आलेलं नाही.

कालव्याच्या कामातली एक पद्धत सांगितल्याशिवाय तात्या कळायचे नाहीत. पाणी सुटलं की ते आधी अगदी शेवटच्या शेताला द्यायचं, मग त्याच्या वरच्या, मग त्याच्याही वरच्या, असं करत करत धरणाकडं यायचं. त्या शेवटच्या टोकाला इकडं सगळेच टेल म्हणतात, आणि धरणाकडच्या तोंडाला हेड. वरच्यांना आधी दिलं तर टेलच्या माणसाला थेंबही मिळत नाही, म्हणून ही पद्धत. तात्यांनी ती कालव्यापुरती ठेवली नाही, जन्मालाच लावून घेतली. लग्नाच्या पंगतीत मानाची जागा सोडून ते शेवटच्या ताटावर जाऊन बसतात. वाढपी बुंदीची बादली घेऊन निघाला की यांची नजर बादलीवर. अर्ध्या पंगतीत बादली संपली आणि वाढपी 'आणतो' म्हणून आत गेला की तात्या शेजारच्याला सांगतात, "गेला. आता येत न्हाई हा." तो दोन मिनिटांत परत येतो, तात्यांच्या ताटात बुंदी वाढतो, तेव्हा ते त्याच्याकडं असं बघतात की त्या बिचाऱ्याला आपण नक्की काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. पेपर ते शेवटच्या पानापासून वाचतात. लग्नपत्रिका तळापासून वाचतात. आधी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, मग निमंत्रक, मग मामालोक, आणि यात कुणाचं नाव गळलंय ते शोधून झाल्यावर उरलाच उत्साह तर नवरानवरी. एकदा त्यांनी एका पत्रिकेत मुलीच्या थोरल्या मामाचं नाव नाही हे पकडलं होतं, आणि तो मामा खरोखरच घरी रुसून बसलेला निघाला. तेव्हापासून भावकीत पत्रिका छापायच्या आधी तात्यांना दाखवतात.

मला बघायला आले तेव्हाही तात्यांनी हेच केलं. माझं माहेर आखाडा बाळापूरचं. पोहे खाताना ते एक शब्द बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं की साधा माणूस दिसतोय. पोहे संपल्यावर जरा पाय मोकळे करतो म्हणून ते बाहेर पडले आणि थेट आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी जाऊन ओसरीवर बसले. शेजारी चांगलंच सांगणार, पोरीची बातमी टेलला कशी पोचते ते बघावं, हा त्यांचा हिशेब. त्या घरातल्या म्हातारीनं सांगितलं की पोरगी गुणाची आहे, फक्त वाचत वाचत रस्त्यानं चालते, आमच्या म्हशीला दोनदा धडकली. तात्यांनी परत येऊन माझ्या सासऱ्यांच्या कानात सांगितलं, "बराबर हाय. ऐब सांगितला म्हंजे खरी हाय." माझं लग्न त्या म्हशीमुळं जमलं, असं माझा नवरा अजून चारचौघांत सांगतो.

तात्यांच्या वाचनाला चष्म्याइतकाच खराटा लागतो. कालव्याच्या बांधात कुठं पाणी झिरपताना दिसलं की ते तिथं एक काडी रोवून ठेवायचे, म्हणजे परतीच्या फेरीत ती जागा चुकत नाही. तीच सवय कागदाला लागली. वाचताना जिथं संशय येईल तिथं ते अंगण झाडायच्या खराट्यातली एक काडी ओढतात, बोटभर मोडतात आणि पानात घालून ठेवतात. पेन वापरत नाहीत, कारण पेनानं केलेली खूण दुसरा कुणी पेनानं बदलू शकतो. वीजबिलात दोन काड्या, बँकेच्या पत्रात तीन, नातवाच्या प्रगतिपुस्तकात एकदा सात होत्या. काकू म्हणतात, "ह्यांनी चार दिवस जोरात वाचलं की माजा खराटा टकला होतो."

अशा माणसाच्या अंगणात राहून मी गेल्या वर्षी कादंबरी लिहिली. मी वसमतला शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना आपल्या भागात घडणारं, आपल्या नदीचं, पण पार पुढच्या काळातलं काहीतरी वाचायला मिळावं असं मला फार दिवसांपासून वाटायचं. लहान मुलांची गोष्टही नको आणि मोठ्यांची रडकथाही नको. म्हणून मी 'पूर्णेपारचा ग्रह' लिहायला घेतली. पूर्णा नदी पार आटून गेलेली आहे, धरणाच्या कोरड्या पोटातून एक यान उडतं, त्यात तेरा-चौदा वर्षांची बारा मुलं आहेत आणि पाण्याची टाकी सांभाळायला घेतलेला सोपानआबा नावाचा एक म्हातारा आहे. मुलांची पुढारी ईरा नावाची मुलगी, आणि मदतीला झिप नावाचा यंत्रमानव. दोनशे पानं झाली. शाळा सुटल्यावर मी ओसरीवर बसून लिहायची आणि लिंबाखालून तात्या माझ्याकडं बघायचे. आठ महिने त्यांनी नुसतं बघितलं. मग एक दिवस माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई रोज काय लिवून राहिल्या? जमिनीच्या वाटणीचा अर्ज तर न्हाई?" नवऱ्यानं सांगितलं की कादंबरी आहे. तात्या म्हणाले, "दोनशे पानाचा अर्ज बी असतो."

तो संशय घालवण्यासाठी मी त्यांच्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला. खरं सांगायचं तर मला तो मोठेपणाही मिरवायचा होता. कारण तोवर सगळ्यांनी माझं कौतुकच केलं होतं. मुख्याध्यापकांनी पहिलं पान बघून 'प्रेरणादायी' असं म्हटलं होतं. नवऱ्यानं मोबाइलवर चार पानं वाचून 'मस्त' म्हटलं होतं. संभाजीनगरच्या एका प्रकाशकांनी तर छापतो म्हणून कळवलं होतं, फक्त पक्की प्रत महिनाअखेरीपर्यंत पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. चाळिशीला आलेल्या बाईला 'पुढच्या वर्षी बघू'चा अर्थ चांगला कळतो. ते पुस्तक निघालं तर त्याच महिन्यात निघणार होतं, नाहीतर माझ्या ट्रंकेत जाणार होतं. तात्या चार दिवसांत गठ्ठा परत देतील, 'अर्ज न्हाई' एवढं म्हणतील आणि मी तो टपालात टाकीन, असा माझा बेत होता.

तात्यांनी दहा दिवस घेतले. आणि अर्थात शेवटच्या पानापासून सुरुवात केली. शेवटचं प्रकरण वाचायचं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. मी सकाळी डबा भरताना खिडकीतून बघायची, तर हे बाजेवर बसून पानं उलटी रचतायत, मधेच हात लांब करून खराट्यातली काडी ओढतायत. अकराव्या दिवशी रविवार होता. काकू अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. तात्यांनी मला बोलावलं. मी डोक्यावर पदर घेऊन समोर पोत्यावर बसले. सासऱ्यापुढं पदर घेऊन आपल्या यंत्रमानवाचा बचाव करायची वेळ दुसऱ्या कुठल्या लेखिकेवर आली असेल असं मला वाटत नाही. गठ्ठ्यातून काड्या साळिंदरासारख्या बाहेर आलेल्या होत्या. मी त्या मोजायचं टाळलं, पण काकूंनी मोजलेल्या होत्या. "एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

"हे शेवटाचं पाणी," तात्यांनी सुरुवात केली, "हे कालव्याचं न्हाई."

मला काही कळेना. शेवटच्या प्रकरणात मी ढग तयार करणारं एक यंत्र आणलं होतं. मुलं तहानेनं मरायला टेकलेली असतात, झिप ते यंत्र काढतो, पाऊस पडतो, सगळे नाचतात. मला ते प्रकरण फार आवडायचं.

"मी टेलपासून पार हेडपर्यंत गेलो," तात्या म्हणाले. "ह्या यंत्राची ओल मला वर कुटंच लागली न्हाई. कालव्यातून पाणी आलं तर वाटेत माती भिजती. हे तुमी टँकरनं आणून ओतलं."

ते खरं होतं. शेवट कसा करावा ते न सुचल्यामुळं मी ते यंत्र एका दुपारी अचानक काढलं होतं. वरून खाली वाचणाऱ्या प्रकाशकांना ते खटकलं नव्हतं, पण खालून वर येणाऱ्याच्या ते बरोबर पायाला लागलं.

"आन हा डबा कोण?" दुसरी काडी.

"तो झिप आहे, तात्या. यंत्रमानव."

"ह्याला समदं कसं ठाऊक? दार कुटं, रस्ता कुटला, खायचं काय, समदं ह्यालाच. आमच्या चारीवर असा एक जण होता. गेट तुटलं की सगळ्यात आदी त्यालाच खबर. तोच तोडायचा. मी पूर्ण गोष्टभर ह्याच्यावर नजर ठेवली, पण तुमी काई त्याला पकडलं न्हाई."

तिसऱ्या प्रकरणात मी सात पानं गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं होतं. तिथं काड्यांचं कुंपणच होतं. "हितं पाणी तुंबून राहिलं," ते म्हणाले. "पोरं यानात बसलेली, यान जाग्यावर उभं, आन तुमी शाळा घेऊन राहिल्या." मग ईरा. ईरा हे नाव त्यांना पहिल्यापासून, म्हणजे शेवटापासूनच, पटलं नव्हतं. "ही पोरगी आपल्या भागातली न्हाई. टीव्हीतल्यावानी बोलती. नाव बी खोटं सांगून राहिली. काहून ते शोधा." मी म्हटलं, हल्ली अशी नावं ठेवतात. ते म्हणाले, "ठेवू द्या. पर हिची आजी तिला काय म्हून हाका मारती, ते तुमाला ठाऊक हाय का?" मला ठाऊक नव्हतं. आपण लिहिलेल्या मुलीच्या आजीचा मी कधी विचारच केला नव्हता.

एवढ्या काड्यांमधे एका पानात काडीऐवजी लिंबाचा पाला होता. नवव्या प्रकरणात मुलं टाकीतलं शेवटचं पाणी वाटून घेतात, तेव्हा ईरा आपल्या मैत्रिणीच्या वाटणीचं पाणी पिते आणि सांडलं म्हणून सांगते. तात्यांनी तो पाला उचलला आणि माझ्याकडं बघितलं. "हे पान तुमीच लिवलं का?"

"हो."

"कुणाचं पाहून?"

"कुणाचं नाही, तात्या. मीच लिहिलं."

"हितं तिनं ओठ पुसले. चोरून पाणी पेलेलं माणूस ओठ पुसतं. तान्हेलं माणूस पुसत न्हाई, चाटतं. हे मला तीस वर्सं कालव्यावर फिरून कळलं. तुमाला शाळेत बसून कसं कळलं?"

मग मला सांगावं लागलं. लहानपणी एका उन्हाळ्यात माहेरी पाण्याची फार तकलीफ होती, तेव्हा मी धाकट्या बहिणीच्या तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं होतं आणि मांजरानं लवंडलं असं सांगितलं होतं. त्या मांजराला मारही बसला होता. ही गोष्ट मी आईला सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती, त्या बहिणीलाही अजून माहीत नाही. तात्यांनी मान हलवली. "मला वाटलंच," ते म्हणाले. "हे पान ऱ्हाऊ द्या. हे भिजलेलं हाय." माझ्या कादंबरीचं तेवढं एकच कौतुक त्यांनी केलं, आणि तेही माझी चोरी पकडून केलं.

सगळ्यात शेवटची, म्हणजे हेडकडची, काडी त्यांनी हातात धरली. "यानात चढले किती?"

"बारा मुलं आणि सोपानआबा. तेरा."

"उतरले किती?"

मी मनातल्या मनात मोजलं. बारा. काकूंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"म्हातारा सहाव्या प्रकरणात टाकीपाशी बसलेला हाय. सातव्यात न्हाई. आठव्यात न्हाई. खाली तर न्हाईच न्हाई. मला वाटलं, वर कुटं मेला असंल, मग खालनं येताना मला दिसंल. मेला बी न्हाई. गेला कुटं?"

मी म्हटलं, "तात्या, गोष्ट मुलांची आहे ना. पुढं त्याचं काही काम नव्हतं."

तात्या काडी बोटात फिरवत राहिले. "काम नव्हतं म्हून सोडला," ते म्हणाले. पुन्हा एकदा तेच म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. मग म्हणाले, "मारायचा असंल तर मारा बापा. म्हातारी मानसं मरतात, त्याचं काई न्हाई. पर कुटं गेला ते तरी लिवा. कुनी तरी मोजलं पायजे का न्हाई?"

मी गठ्ठा उचलून घरात आले आणि चक्क रडले. आधी रागानं रडले. साऱ्या जगानं मस्त म्हटलेली वस्तू, आणि या माणसानं तिच्यात एकेचाळीस काड्या खोचाव्यात. दोन दिवस मी त्यांच्याकडं ताकही पाठवलं नाही. नवरा म्हणाला, तात्यांचं काय मनावर घेतेस, ते तर चंद्रावरही संशय घेतात, तू टपालात टाक. महिनाअखेर नऊ दिवसांवर आली होती. मी लिफाफ्यावर पत्ताही लिहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी गठ्ठा काढला आणि शेवटच्या पानापासून वर वाचायला लागले. सहाव्या प्रकरणापाशी आले तर टाकीशेजारी सोपानआबा काठी घेऊन बसलेला. तो वाकतो, टाकीखालची माती बोटांनी दाबतो, हुंगतो आणि काही बोलत नाही. यानात माती कुठून आली, हा प्रश्न तात्यांनी विचारला नव्हता. मला एकदम कळलं की त्यांनी तो काहून विचारला नसेल. मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं, पण तो म्हातारा मी कुणाला बघत बघत लिहिला होता, ते खिडकीतून सरळ समोर दिसत होतं. निवृत्त झाल्यापासून तात्यांना कालव्यावर कुणी बोलावलेलं नाही. पाणी सुटलं की ते सदरा घालून, काठी घेऊन तयार बसतात, आणि दुपारी सदरा काढून ठेवतात. आणि मीसुद्धा त्यांना टाकीशेजारी बसवून पुढं निघून गेले होते. मला इतकी लाज वाटली की बस.

मी आठ दिवस रजा टाकली. टँकर परत पाठवला, म्हणजे ते ढगाचं यंत्र काढून टाकलं. गुरुत्वाकर्षण सात पानांवरून दीड पानावर आणलं, त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. झिपवर संशय घेणारी एक मुलगी घातली आणि तिचा संशय खरा निघाला. ईराचं नाव मी बदललं नाही, माझाही काही हट्ट आहे, पण तिचं खरं नाव रुखमा आहे आणि आजी तिला रुखमे म्हणून हाका मारायची हे तेराव्या प्रकरणात उघड झालं. आणि सोपानआबाला यानातून उतरवलं. त्या ग्रहावर मुलं डोंगरातल्या झऱ्यापासून एक चर खणत येतात. आबा त्यांच्याबरोबर वर जात नाही. तो चराच्या पार खालच्या टोकाला जाऊन एकटा बसतो, कारण पाणी तिथवर आलं तरच आलं म्हणायचं. शेवटच्या पानावर तो कोरड्या मातीत पाय सोडून बसलेला आहे, वरून बारा पोरं ओरडून विचारतायत, आणि त्याच्या टाचेला गार लागतं. तो वर बघतो आणि "आलं" म्हणतो. तिथं पुस्तक संपतं. पक्की प्रत महिनाअखेरीला एक दिवस असताना गेली.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन मी लिंबाखाली गेले. तात्यांनी कव्हर बघितलं नाही, माझं नाव बघितलं नाही. सवयीनं शेवटचं पान उघडलं. काकूंनी खराटा आधीच पुढं सरकवून ठेवला होता. तात्यांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. मी वाट बघत उभी होते. शेवटी मीच म्हटलं, "वरचं वाचा ना, तात्या. बरंच बदललंय."

"टेलला पाणी आलं," ते म्हणाले. "वरचं बगायची गरज न्हाई."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. पन्नास वर्षांत त्यांच्या मिठाला जे मिळालं नव्हतं ते माझ्या पुस्तकाला मिळालं होतं. मी तात्यांच्या पाया पडले आणि घरात येऊन पुन्हा रडले, या वेळी कशासाठी ते सांगायला नको. शाळेतली मुलं आता ते पुस्तक वाचतात, झिपवरून भांडतात. गुरुत्वाकर्षणाची दीड पानंही बहुतेक जण गाळतात, हे मला माहीत आहे.

पण तेव्हापासून एक शंका माझ्या मनात आहे, आणि ती जाता जात नाही. यंदा उन्हाळ्यात दूध आलं तर तात्यांनी त्यात बोट बुडवून बघितलं नाही. परवा भावकीतल्या लग्नात त्यांना मधल्या रांगेत बसवलं, तर तिथंच बसून जेवले, बादलीकडं बघितलंही नाही. फोनवर कुणीतरी मोठं बक्षीस लागल्याचं सांगितलं, तर "लागलं असंल" म्हणून त्यांनी फोन माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. मीठ बरोबर आहे का असं काकूंनी आपण होऊन विचारलं, तर "बराबर हाय" म्हणाले. काकू त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आता कशावरच काई म्हणत न्हाईत वं. मला करमंना झालंय." मला आता कळत नाही, माझ्या पुस्तकावर त्यांनी खरंच विश्वास ठेवला, की त्याच दिवशी त्यांचा संशय घ्यायचा जोर संपला होता? त्यांच्याकडची प्रत मी गुपचूप चाळून बघितली. एकही काडी नव्हती. पुस्तकात एकही खोट नाही असा याचा अर्थ होत नाही, कारण दहाव्या प्रकरणात एका मुलाची चप्पल दोनदा हरवते, आणि ते मला छापल्यावर दिसलं. जुने तात्या असते तर ते त्यांना दिसलं असतं.

म्हणून मी दुसरी कादंबरी लिहिताना एक लबाडी केली आहे. दुसऱ्या प्रकरणात एक पांढरी शेळी यानात चढते, आणि पाचव्या प्रकरणानंतर ती नाही. मेली नाही, उतरली नाही, विकली नाही. मुद्दाम सोडली आहे. नवऱ्यानं वाचलं आणि मस्त म्हणाला. मुख्याध्यापकांना शेळी आवडली. पंधरा दिवसांपूर्वी मी तो गठ्ठा तात्यांच्या बाजेवर ठेवला आणि 'सवड झाली तर बघा' म्हणून आले. तेव्हापासून ते काही बोललेले नाहीत. गठ्ठा उशाशी आहे, एवढं दिसतं. उलटा आहे की सुलटा, ते लांबून कळत नाही. विचारायचा धीर मला होत नाही. मी रोज संध्याकाळी ताक द्यायच्या निमित्तानं जाते आणि कोपऱ्यातला खराटा बघते. परवापर्यंत तो तसाच भरलेला होता. काल मात्र मला तो जरा विरळ वाटला. काकूंनी नुसता जोरात झाडला असेल, काड्या अशाही गळतात, म्हणून मी लगेच खरं धरलेलं नाही. आज ताक घेऊन जरा लवकरच जाईन म्हणते.